मुदाळकडची लाइन

आमच्या ऑफिसात ज्याला आम्ही सर्व्हर म्हणतो तो एका मित्राच्या बहिणीचा जुना कॉम्प्युटर आहे. आठ जीबी रॅम, कुरकुरणारा पंखा, आणि मागच्या बाजूला तीन नेटवर्क कार्डं. एका कार्डातून निघालेली वायर स्विचला जाते आणि तिथून आठ टेबलांना. उरलेल्या दोन कार्डांना बाहेरून आलेली दोन इंटरनेट कनेक्शनं. एवढंच. पण हे तीन तोंडांचं प्रकरण सरळ चालायला मला सतरा दिवस लागले, आणि ते सरळ चालतच नव्हतं हे कळायला पुढचे सात महिने.

मुरगूड कुठे, असं पुण्यात कुणी विचारलं की मी आधी कोल्हापूर म्हणतो, मग कागल तालुका, आणि तरी समोरचा गप्प राहिला तर निपाणी. निपाणी म्हटलं की लोकांना तंबाखू आठवतो आणि चेहरा जरा उजळतो. तिथून वीसेक किलोमीटरवर वेदगंगेच्या काठी आमचं गाव. नगरपरिषद आहे, एसटी स्टँड आहे, आणि पावसाळ्यात सर पिराजीराव तलाव भरून वाहायला लागला की तो बघायला अख्खं गाव जातं. नोकऱ्या मात्र नाहीत. म्हणजे माझ्यासारख्यांच्या नाहीत. २०१८ ला कोल्हापुरात इंजिनिअरिंग संपलं आणि आमच्या वर्गातली जवळजवळ सगळी पोरं एकाच ट्रॅव्हल्सने पुण्याला गेली.

मार्च २०२० मध्ये मी एकवीस दिवसांसाठी म्हणून एक सॅक घेऊन परत आलो. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. दोन वर्षं मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला मोबाइल टेकवून कोड लिहिला. जुलै २०२१ च्या पुरात महामार्गावर पाणी आलं, वीज गेली, आणि मी मॅनेजरला 'नेट नाही' हे सांगण्यासाठीसुद्धा नेट शोधत फिरत होतो. २०२२ मध्ये कंपनीने ऑफिसला या म्हणून मेल पाठवला. मी गेलो नाही. हे धाडस वगैरे नव्हतं. घरच्या जेवणाची सवय लागली होती आणि दोन मित्रही माझ्यासारखेच अडकले होते.

आम्ही तिघांनी एसटी स्टँडजवळ खतांच्या दुकानाच्या वर एक गाळा घेतला. पुण्यातली एक कंपनी गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवते. तिच्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवायचं, छोट्या दुरुस्त्या करायचं काम मिळालं. वर्षभरात आठ जण झालो. सगळ्यात लहान मुलगी शेजारच्या गावची, बीसीएस झालेली. तिचे वडील रोज दुपारी मोटरसायकलवरून तिला सोडायचे आणि रात्री आठला न्यायचे. पुण्याला पाठवायचं नाही हे तिच्या घरी ठरलेलंच होतं. त्यामुळे तिच्यासाठी नोकरी म्हणजे आमचा गाळा. तो बंद झाला तर ती दुसरीकडे अर्ज करणार नव्हती, तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात होणार होती. हे ती हसत हसत सांगायची आणि आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता चहा प्यायचो.

करारात एक ओळ होती: आमची सेवा ९९.५ टक्के वेळ चालू पाहिजे. वाचायला फार सोपं वाटतं. तीस दिवसांचा महिना म्हणजे ७२० तास. त्याचा अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. महिन्यात एवढा वेळ नेट गेलं तर चालेल, त्यापुढे पैसे कापणार, आणि वारंवार झालं तर करार रद्द. आमच्याकडे वळवाचा एक पाऊस आला की साडेतीन तास त्यातच जातात.

म्हणून दुसरी लाइन. पहिली निपाणीकडून यायची, हे माहीत होतं. दुसऱ्या कंपनीचा माणूस कनेक्शन द्यायला आला तेव्हा मी त्याला मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, "आमची मुदाळ तिट्ट्याकडनं येते सर. निपाणीचा संबंधच न्हाई." निपाणी आमच्या पूर्वेला, मुदाळ तिट्टा पश्चिमेला. यापेक्षा चांगलं काय पाहिजे? मी तिथंच सही केली.

माझी कल्पना अशी होती की दोन वायरी लावल्या की झालं. शंभर आणि शंभर, दोनशे. तसं नसतं. लिनक्सला बाहेर जायचा एक रस्ता सांगितलेला असतो, त्याला डीफॉल्ट राऊट म्हणतात. ज्या पत्त्याचं काय करायचं ते माहीत नाही, ते सगळं या दारातून बाहेर टाकायचं. मी दुसरं दार सांगायला गेलो तर मशीन म्हणालं, 'फाइल एक्झिस्ट्स.' कुठली फाइल? मी तर फाइल बनवतच नव्हतो. अर्थ इतकाच की असा रस्ता आधीच आहे, दुसरा घेणार नाही. दुसऱ्याला वेगळा क्रमांक देऊन त्याला खालचा मान दिला की घेतो, पण मग पहिला जिवंत असेपर्यंत दुसऱ्याला हात लावत नाही. महिन्याला पैसे भरून भिंतीवर एक हिरवा दिवा लावल्यासारखं.

आणि खरी गंमत पुढे होती. पुण्याहून आमच्या सर्व्हरवर यायचं असेल तर दोनपैकी कुठल्याही लाइनच्या पत्त्यावर यायला हवं. पहिल्या पत्त्यावर आलं की चालायचं. दुसऱ्यावर आलं की नुसतं गोल फिरत राहायचं. कारण विनंती दुसऱ्या दाराने आत यायची आणि आमचा सर्व्हर उत्तर पहिल्या दाराने पाठवायचा. पाहुणा पुढच्या दाराने आला आणि तुम्ही त्याला मागच्या दाराने काढलात तर त्याच्या चपला पुढच्या दारात राहतात. इंटरनेटवर तर पलीकडचा ओळखच देत नाही. मी अमुक पत्त्याला विचारलं होतं, हा तमुक पत्ता मला का उत्तर देतोय, म्हणून तो ते फेकून देतो. त्याचं बरोबरच आहे.

यावरचा उपाय जुना आहे आणि लिनक्समध्ये वीसहून जास्त वर्षं आहे. रस्त्यांची एकच वही न ठेवता दोन वह्या ठेवायच्या, आणि वर नियम लिहायचा: या पत्त्यावरून निघालेलं असेल तर ही वही बघ, त्या पत्त्यावरून असेल तर ती. जो ज्या दाराने आला तो त्याच दाराने जाईल. वह्यांना नावं देता येतात. मी एकीला 'निपाणी' आणि दुसरीला 'मुदाळ' नाव दिलं. स्क्रीनवर आमच्या भागातली नावं बघून बरं वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू.

तरी चालेना. तीन रात्री गेल्या. पाकीट आत येताना दिसायचं, वायरवर कान लावून बसलेला प्रोग्रॅम ते दाखवायचा, पण पुढे कुणाच्या हातात पडायचं नाही. घराच्या उंबऱ्यात येऊन माणूस गायब व्हावा तसं. शेवटी मशीनची डायरी उघडली. तिथे ओळीने लिहिलं होतं, 'मार्शियन सोर्स.' मंगळावरून आलेलं. मी हे खरंच दोनदा वाचलं. ज्या दाराने पाकीट आलं त्या दाराने आपण त्याच्याकडे परत जाऊ शकत नाही असं वाटलं, तर लिनक्स त्या पाकिटाला परग्रहावरचं समजतं आणि टाकून देतं. खोटे पत्ते लावून येणाऱ्यांपासून बचाव म्हणून ही तपासणी असते, आणि एकच दार असलेल्या घराला ती योग्यच आहे. तिथे १ लिहिलेलं होतं, म्हणजे कडक तपासणी. मी २ केलं, म्हणजे कुठल्यातरी दाराने परत जाता येत असेल तरी चालेल. एका आकड्याचा फरक. पहाटे पावणेतीन वाजता पुण्याहून दुसऱ्या पत्त्यावर लॉगिन झालं आणि मला सांगायला कुणी जागं नव्हतं.

दोन्ही लाइनी अर्ध्या-अर्ध्या वापरायचा मोहही झाला. मशीन ते करतं, एक पत्ता इकडे, एक तिकडे असं वाटून देतं. दुसऱ्याच दिवशी एकाच्या बँकेच्या साइटने त्याला पैसे पाठवता पाठवता बाहेर काढलं. लॉगिन एका लाइनने झालं, पुढचं पान बँकेच्या दुसऱ्या सर्व्हरवरून आलं म्हणून ते दुसऱ्या लाइनने गेलं, आणि बँकेला वाटलं चोर घुसला. शिवाय एक मोठी फाइल उतरवायची तर ती एकाच लाइनने येते, तिचा वेग दुप्पट होत नाही. ही गोष्ट मी आठ जणांना आठ वेळा समजावली. मग वाटणी सोडली. चार टेबलं निपाणीवर, चार मुदाळवर, एक मेली की तिची चार दुसरीवर. त्यानंतर ऑफिसात 'मला मुदाळवर टाक की, तिकडं जोरात चालतंय' असली वाक्यं सुरू झाली. दोन्ही सारख्याच होत्या.

लाइन मेली हे ओळखायचं कसं, यातही मी फसलो. दर पाच सेकंदांनी लाइनला हाक मारणारी स्क्रिप्ट लिहिली, पण हाक मारली ती आमच्याच खोलीत टांगलेल्या कंपनीच्या डब्याला. तो बिचारा कायम 'आहे' म्हणायचा. बाहेर वायर तुटून लोंबत असली तरी तो आहेच! मग गूगलच्या आठ-आठ-आठ-आठला हाक मारायला लावली, प्रत्येक लाइनला तिच्या स्वतःच्या वहीतून. तीनदा उत्तर नाही आलं तर मेली समजायचं, सलग दहादा आलं तरच जिवंत झाली समजायचं. नाहीतर अर्धवट लाइन मिनिटात चार वेळा मरते आणि उठते, आणि सगळे कॉल तुटत राहतात.

सतराव्या दिवशी मी स्वतः जाऊन निपाणीची वायर उपटली. पंधरा-वीस सेकंद सगळे स्क्रीनकडे बघत बसले आणि मग चाललं. टाळ्या वगैरे झाल्या. मी वडा-पाव मागवले.

त्या रात्री जेवताना आण्णांनी विचारलं, "रातभर काय करतोस तिथं?" मी सांगितलं, दोन लाइनी जोडल्या, एक गेली तरी दुसरी चालते. त्यांना ते लगेच कळलं, कारण आमच्या उसाला पाणी दोनकडून येतं, एक नदीवरच्या मोटरीचं, एक विहिरीचं. म्हणाले, "दोन्ही एकाच डीपीवर न्हाईत न्हवं?" मी म्हटलं, "आण्णा, वेगवेगळ्या कंपन्या आहेत." ते म्हणाले, "बरं बरं," आणि भाकरी मोडली. आमची डीपी मी बारावीत असताना ऐन एप्रिलमध्ये जळली होती. नदीत पाणी, विहिरीत पाणी, मोटारी दोन, आणि ऊस पंधरा दिवस वाळत उभा. ते मला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही.

सात महिने छान गेले. कधी निपाणी जायची, कधी मुदाळ, आम्हाला कळायचंही नाही, दुसऱ्या दिवशी स्क्रिप्टची नोंद वाचून कळायचं. मी पुण्यातल्या मित्रांना जरा जास्तच सांगत सुटलो की गावातून सगळं होतं, फक्त नीट करायला पाहिजे.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी दोन्ही गेल्या. एकाच मिनिटात. मला आधी माझ्या स्क्रिप्टचाच संशय आला. प्रोग्रॅमर माणसाला पहिला संशय स्वतःच्या कोडचाच येतो, आणि बहुतेक वेळा तो खरा असतो. मी सर्व्हर बंद करून चालू केला, वायरी बदलल्या, शेवटी एक लाइन सरळ लॅपटॉपला लावली. काही नाही. दोन्ही कंपन्यांना फोन केले. दोघांनीही, "फायबर कट आहे सर, टीम गेलीय," असं जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं.

मोबाइलवर करावं म्हटलं तर एका कंपनीच्या सिमवर नेटच नव्हतं. दुसरीचं चालत होतं, पण आमच्यापैकी फक्त तिघांकडे ते सिम होतं. बीसीएसवाली मुलगी तिचा फोन घेऊन पत्र्यावर चढली आणि टाकीच्या झाकणाला तो सुतळीने बांधून आली. त्या एका फोनवर आठ जण. मजकूर जायचा, आवाज जायचा नाही. मी मोटरसायकल काढली.

कुठल्या दिशेला जायचं हा प्रश्न होता. निपाणी की मुदाळ? निपाणी रस्त्यावर काम सुरू आहे हे माहीत होतं, म्हणून तिकडे गेलो. गावाबाहेर थोड्या अंतरावर जेसीबी रस्त्याच्या कडेला मान खाली घालून उभा होता, आणि शेजारी एका खड्ड्यात छत्री रोवून एक माणूस बसलेला. वयाने माझ्याएवढाच असेल. मांडीवर फायबर जोडायचं मशीन, शेजारी पाण्याची बाटली. खड्ड्यातून दोन काळ्या केबल वर आल्या होत्या. दोन्हीची टोकं फाटलेली, आतले रंगीत धागे बाहेर.

मी विचारलं, ही कुणाची? त्याने पहिल्या कंपनीचं नाव घेतलं. आणि ही? त्याने दुसऱ्या कंपनीचं घेतलं.

"ती मुदाळकडनं येते ना?"

तो हसला. "मुदाळला त्यांची पेटी हाय. पर पेटीत येतंय कुठनं? हितनंच. निपाणीसनं."

म्हणजे केबल निपाणीहून निघून आमच्या गावावरून पुढे मुदाळ तिट्ट्याला जाते, तिथून वळून परत आमच्याकडे येते. कनेक्शन देणारा माणूस खोटं बोलला नव्हता. लाइन मुदाळकडूनच येत होती. मी पुढचा प्रश्न विचारला नव्हता. चर खणायला खर्च येतो, परवानग्या लागतात. एकाने खणला की दुसराही त्याच्या शेजारीच आपली केबल टाकतो. यात कुणाचा गुन्हा नाही. आणि ज्या मोबाइल कंपनीचं नेट गेलं होतं तिचा टॉवरही याच चरातल्या केबलवर होता.

मी तिथं दोन तास बसलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. त्याने आधी एक यंत्र लावून केबलमध्ये प्रकाशाचा ठोका सोडला. परत येणाऱ्या उजेडावरून पुढे आणखी कुठे तुटलंय का ते मीटरमध्ये कळतं. आणखी एक तुकडा तुटलेला होता, अडीचशे मीटरवर. मग एकेक धागा. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, क्रम ठरलेला. वरचं आवरण सोलायचं, स्पिरिटने पुसायचं, टोक सरळ कापायचं, मशीनमध्ये समोरासमोर ठेवायचं. छोट्या पडद्यावर दोन टोकं जवळ येताना दिसतात, ठिणगी उडते आणि काच वितळून एक होते. वारा आला की तो अंगाने आडोसा करायचा. केसाएवढ्या त्या काचेतून माझे आठ पगार जात होते, आणि त्याला दिवसाला काय मिळतं हे मी विचारलं तेव्हा त्याने उत्तर दिलं नाही, फक्त पुढचा धागा उचलला.

दोन्ही लाइनी रात्री १० वाजून २० मिनिटांनी आल्या. ११ तास १० मिनिटं.

नंतर वाचताना कळलं की या बाबतीत मोठेही आमच्यासारखेच असतात. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन वेगवेगळ्या केबल एकाच दिवशी तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट कित्येक दिवस रखडलं. दोन केबल होत्या, पण एकाच भागातून गेलेल्या. मुंबईतही समुद्रातून येणाऱ्या अनेक केबल वर्सोव्याच्या थोड्याशा किनाऱ्यावरच वर येतात. आणि १९६४ मध्ये पॉल बॅरन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने कागदावर दाखवलं होतं की जाळ्यातल्या प्रत्येक गाठीला पुरेसे जास्तीचे दोरे असले तर निम्म्या गाठी तुटल्या तरी उरलेलं जाळं बोलत राहतं. त्याच्या कागदावरचे दोरे एकमेकांपासून लांब काढलेले आहेत. निपाणी रस्त्यावर कसे काढतात ते त्याने पाहिलं नव्हतं.

पुण्याच्या कंपनीने त्या महिन्याचे पैसे कापले आणि मेल पाठवला: तीन महिन्यांत पुन्हा असं झालं तर करार संपवू. आम्ही तिघांनी जून महिन्याचा पगार घेतला नाही. बाकीच्या पाच जणांना हे सांगितलं नव्हतं, पण बीसीएसवालीला कळलंच. तिने काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी येताना एक शंभर पानी वही घेऊन आली आणि पहिल्या पानावर रकाने आखले: तारीख, कुठली लाइन, गेली किती वाजता, आली किती वाजता, का. 'का' हा रकाना मी कधी ठेवला नव्हता. माझी स्क्रिप्ट फक्त मेली आणि जिवंत एवढंच लिहायची.

तिसरी लाइन म्हणून आम्ही सिमवर चालणारा राउटर घेतला, त्या दिवशी चालू राहिलेल्या कंपनीचा. पण या वेळी सही करायच्या आधी मी आणि ती मुलगी त्या टॉवरखाली जाऊन उभे राहिलो. वर ढोलासारख्या गोल तबकड्या दिसत होत्या. त्या असल्या की टॉवर पुढच्या टॉवरशी हवेतून बोलतो, जमिनीतल्या केबलवर अवलंबून नसतो, निदान पहिल्या टप्प्याला तरी. तिने फोनमधलं होकायंत्र उघडून तबकडीचं तोंड कुठे आहे ते बघितलं. ईशान्येला. म्हणजे कागलकडे. निपाणीकडे नाही.

"आणि कागलला कुठनं येतंय, दादा?" तिने विचारलं.

ते अजून शोधतोय. खड्ड्यातल्या त्या माणसाचा नंबर माझ्याकडे आहे, त्याला विचारलंय. तो म्हणाला, कागलकडचं काम दुसऱ्याकडे आहे, नंबर मिळवून देतो. सर्व्हरवर मी वह्यांची नावं बदलली: 'निपाणी एक', 'निपाणी दोन', 'टॉवर'. ऑफिसात अजूनही सगळे दुसरीला मुदाळच म्हणतात.

ऑगस्टपर्यंतचे तीन महिने आम्ही कसे काढले ते वहीत आहे. २२ नोंदी. त्यातल्या चार वेळा दोन्ही निपाणी एकदम गेल्या आणि टॉवरवर चाललं, हळू चाललं, पण चाललं. जुलैमधला एकूण बंद वेळ ३ तास ४ मिनिटं. शेवटच्या नोंदीच्या 'का' रकान्यात तिच्या अक्षरात लिहिलंय: 'पोलवर माकड.'